न पाहता पायाला वाट कशी कळते?

उन्हाळ्याच्या दिवसांत मोखाड्याच्या डोंगराळ भागात गेलात, तर एक दृश्य तुम्हांला हमखास दिसेल. विहिरीवरून पाणी घेऊन एखादी बाई चढण चढत असते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर आणखी एक कळशी. वाट अरुंद, दगडगोट्यांची. पण तिची नजर पायांकडे नसते. मान खाली घातली तर हंडाच खाली येईल! तरीही तिचे प्रत्येक पाऊल नेमके हवे तिथे पडते.

आता रात्रीचे दृश्य पाहा. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात देवदेवतांचे मोठमोठे मुखवटे चढवून माणसे संबळाच्या तालावर नाचतात. मुखवट्याच्या छिद्रांतून स्वतःचे पाय दिसणे कठीण. पण पाय चुकत नाहीत.

आणि तिसरे दृश्य तुमच्या शाळेच्या मैदानावरचे. फुटबॉल खेळणारी मुलगी धावता धावता मान वर करून आपल्या जोडीदाराला शोधते आणि त्याच वेळी पायाने चेंडू वळवते. तिचे डोळे एकीकडे, पाय दुसरीकडे.

या तिघांच्या पायांना डोळे फुटले आहेत काय? चला, शोधून काढू या.

पाच ज्ञानेंद्रियांच्या पलीकडे

डोळे मिटा. आता उजवा गुडघा थोडा वाकवा. तो किती वाकला आहे हे तुम्हांला न पाहता कळते ना? पण कशामुळे कळले? डोळे तर मिटलेले होते. कान, नाक, जीभ यांचा इथे संबंध नाही. त्वचा थोडी मदत करते, पण खरे काम तिचे नाही.

शरीराचा कोणता भाग कुठे आहे आणि कसा हलतो आहे, हे आतून कळण्याच्या या शक्तीला आपण स्थितिसंवेदना म्हणू या. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ साली या संवेदनेला स्वतंत्र नाव दिले. पुढे १९३२ साली मज्जापेशींच्या कार्यावरील संशोधनासाठी त्याला नोबेल पारितोषिकही मिळाले. हा विषय अजून जुना झालेला नाही. २०२१ सालच्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी आर्डेम पाटापूटियन यांनी पेशींमधील एक प्रथिन शोधून काढले. पेशीवर ताण पडला की या प्रथिनाचे दार उघडते आणि विद्युत्‌संदेश सुरू होतो. त्याचे नाव पिएझो-२. ज्यांच्या शरीरात हे प्रथिन जन्मतःच सदोष असते, त्यांना डोळे मिटून चालणे अतिशय अवघड जाते.

गुडघ्यातले बातमीदार

गुडघा हा ढोबळमानाने दाराच्या बिजागरीसारखा सांधा आहे. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड आणि पुढे वाटी. हाडांना जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी चिवट पट्टे असतात. त्यांना अस्थिबंध म्हणतात. त्यांपैकी दोन बंध सांध्याच्या आत एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात. त्यांतला पुढचा बंध नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही आणि गुडघ्याला नको तितके पिळू देत नाही. खेळाडूंच्या बोलण्यात येणारा ‘एसीएल’ तो हाच.

आता बातमीदारांकडे वळू. सर्वांत महत्त्वाचे बातमीदार स्नायूंमध्ये असतात. सूत कातायच्या चातीसारखा त्यांचा आकार असल्यामुळे त्यांना स्नायू-चाती म्हणता येईल. गुडघा वाकला की मांडीचा पुढचा स्नायू ताणला जातो, त्याच्यातल्या चातीही ताणल्या जातात आणि ‘इतका ताण, इतक्या वेगाने’ अशी बातमी मज्जारज्जूकडे धाडतात. ही बातमी सेकंदाला सुमारे ८० ते १२० मीटर वेगाने धावते. स्नायू जिथे हाडाला जोडला जातो तिथल्या कंडरांमध्ये दुसरे बातमीदार असतात. ते ओढ किती आहे हे कळवतात. तिसरे बातमीदार सांध्याच्या आवरणात आणि अस्थिबंधांत असतात. सांधा वाकण्याच्या टोकाला पोचू लागला, की ते विशेष जागे होतात.

म्हणजे अस्थिबंध ही नुसती दोरी नव्हे, ती तारयंत्राची तारही आहे! हे लक्षात ठेवा, कारण पुढची सारी गोष्ट यावरच अवलंबून आहे.

तार तुटते तेव्हा

फुटबॉल खेळताना पुढचा फुलीबंध पुष्कळदा गुडघ्यावर कोणाचा थेट धक्का न बसताच तुटतो. खेळाडू वेगाने धावत येतो, एकदम दिशा बदलतो किंवा उडी मारून एका पायावर उतरतो. गुडघा आत झुकतो, पिळतो आणि ‘कट्‌’ असा आवाज होतो. काही तासांतच गुडघा सुजतो.

यात दोन प्रकारची हानी होते. दोरी तुटल्यामुळे सांधा सैल होतो, ही पहिली हानी आणि ती सर्वांना दिसते. पण बंधातले बातमीदारही त्याबरोबर नाहीसे होतात. ही दुसरी हानी दिसत नाही. त्यात सुजेची भर पडते. सांध्यात थोडे जरी पाणी साचले, तरी मज्जारज्जू मांडीच्या पुढच्या स्नायूला पूर्ण जोराने आकसू देत नाही. मनात आणूनही पाय घट्ट होत नाही. काही दिवसांतच मांडी बारीक दिसू लागते.

शस्त्रक्रियेने तुटलेल्या बंधाच्या जागी रुग्णाच्याच शरीरातील कंडरेचा तुकडा बसवतात. दोरी नवी होते. पण तार लगेच जोडली जात नाही. नव्या बंधात मज्जातंतू हळूहळू आणि अपुरेच वाढतात.

हे मोजतात कसे?

खेळाडूला उंच बाकावर बसवून डोळ्यांवर पट्टी बांधतात. त्याचा गुडघा एका ठरावीक कोनात, समजा ४५ अंशांत, नेऊन काही सेकंद धरतात आणि परत आणतात. मग त्याला सांगतात, “आता तूच पाय पुन्हा तिथे ने.” मूळ कोन आणि त्याने साधलेला कोन यांतला फरक म्हणजे त्याची चूक. धडधाकट माणसाचीही काही अंशांची चूक होतेच. दुखापत झालेल्या गुडघ्यात ती सरासरीने थोडी वाढते. पण वाढ फार मोठी नसते, बहुधा एक-दोन अंशांची.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फरकाने काय बिघडणार? गणित करू. गुडघ्यापासून टाचेपर्यंत ४० सेंटिमीटर अंतर धरा. टाच ज्या वर्तुळावर फिरते त्याचा परीघ २ × ३.१४ × ४० म्हणजे सुमारे २५१ सेंटिमीटर. त्याला ३६० ने भागा. एका अंशाला सुमारे ७ मिलिमीटर आले. तीन अंशांची चूक म्हणजे टाच दोन सेंटिमीटर इकडेतिकडे. दगडाच्या कडेवर पाऊल ठेवणाऱ्याला हे अंतर थोडे नाही.

दुसरे कारण वेळेचे आहे. दुखापतींची चित्रफीत तपासल्यावर असे दिसते, की पाय जमिनीला टेकल्यापासून साधारण ४० ते ५० मिलिसेकंदांतच बंध तुटतो. एवढ्या वेळात बातमी मज्जारज्जूकडे जाऊन, हुकूम परत येऊन, स्नायूने पुरता जोर धरणे शक्य नसते. मग गुडघा वाचतो कसा? मेंदू आधीच तयारी करतो! पाय हवेत असतानाच तो स्नायूंना आवळून ठेवतो. ही तयारी पाय आत्ता कुठे आहे याच्या अंदाजावर होते. अंदाज चुकला, की तयारीही चुकते.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. फक्त कोनाची चूक मोजून कोणाचा गुडघा पुन्हा दुखावेल हे सांगता येत नाही. स्नायूंची ताकद, थकवा, उडीनंतर उतरण्याची पद्धत, मनातली भीती, सारेच त्यात येते. शिवाय काही खेळाडूंत एक गंमत आढळली आहे. एका गुडघ्याला दुखापत झाली, तरी दुसऱ्या, चांगल्या गुडघ्याचा अंदाजही थोडा बिघडतो. म्हणजे फरक केवळ सांध्यात नसून मेंदूतही पडतो.

करून पाहा

ज्यांचा गुडघा दुखत नाही त्यांनीच हा प्रयोग करावा. फळ्याशेजारी उंच बाकावर आडवे बसा, पाय मोकळे सोडा, डोळे मिटा. मित्राने तुमचा पाय थोडा उचलून पाच सेकंद धरावा आणि टाचेची जागा खडूने फळ्यावर टिपावी. पाय खाली आणा. आता तुम्ही स्वतः तो तिथेच न्या. दोन खुणांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजून ७ ने भागा. चूक अंशांत मिळेल. तुमच्या नडगीची लांबी वेगळी असेल, तर ७ ऐवजी कोणता आकडा घ्यायचा तो वरच्या रीतीने काढा. दोन्ही पायांनी पाच-पाच वेळा करून सरासरी काढा. मग वीस बैठका मारून पुन्हा मोजा. थकव्याने फरक पडतो का?

अंदाज पुन्हा शिकता येतो

तुटलेली तार पूर्वीसारखी झाली नाही, तरी बाकीच्या बातमीदारांकडून अधिक काम घेता येते. म्हणूनच उपचारात ताकदीच्या व्यायामाबरोबर तोलाचे व्यायाम देतात. आधी एका पायावर उभे राहणे, मग डोळे मिटून, मग घडी केलेल्या गोधडीवर, मग चेंडू झेलत. शस्त्रक्रियेनंतर निदान नऊ महिने सामना खेळू नये असे आज तज्ज्ञ सांगतात. सूज गेली, दुखणे थांबले म्हणजे गुडघा बरा झाला, असे समजून मैदानात उतरणाऱ्याचा बंध पुन्हा तुटतो, तो याच घाईमुळे.

धडधाकट खेळाडूंनाही हे व्यायाम उपयोगी आहेत. जागतिक फुटबॉल महासंघाने २००६ साली ‘फिफा ११ प्लस’ हा सुमारे वीस मिनिटांचा व्यायामक्रम तयार केला. त्याला साहित्य म्हणून एक चेंडू पुरतो. नियमाने तो करणाऱ्या तरुण खेळाडूंच्या दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाल्याचे आढळले. उडीनंतर गुडघे वाकवून, हलके उतरा आणि गुडघा आत झुकू देऊ नका, हे त्यातले मुख्य सूत्र. मुलींमध्ये ही दुखापत अधिक होते, म्हणून त्यांच्या शिक्षकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

आणि गुडघ्यात आवाज होऊन तो सुजला, चालताना दगा देऊ लागला किंवा अडकला, तर खेळ थांबवा. थंड पाण्याची पट्टी ठेवा, पाय उंच ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. चोळून, ओढून गुडघा ‘बसवू’ नका.

शहरातल्या खेळाडूचा गुडघा बिघडला, तर त्याचा सामना हुकतो. पण जव्हार-मोखाड्यातल्या मुलीला मैदानावरून परतल्यावर त्याच गुडघ्यावर विहिरीची चढण चढायची असते, पावसाळ्यात उतारावरच्या नाचणीच्या शेतात उभे राहायचे असते. डोक्यावर हंडा असताना पायाकडे पाहता येत नाही. तिथे पायाचा अंदाजच तिचे डोळे असतात. ते डोळे सांभाळायला हवेत.