२५६ घरांत मावलेला माणूस

संगणकावर चित्रकला शिकू पाहणारा हौशी मनुष्य बहुधा प्रथम व्यक्तिचित्राकडे वळतो, आणि गालांवरच्या छटा घोटता घोटताच त्याचा उत्साह मावळतो. अशा नवशिक्याने आरंभ स्प्राइटपासून, म्हणजे खेळातील चिमुकल्या हलत्या आकृतीपासून करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९८१ साली जपानमध्ये शिगेरू मियामोटो यांनी ‘डाँकी काँग’ या खेळासाठी, पुढे मारिओ म्हणून विख्यात झालेला नायक रेखाटला, तेव्हा आडवी १६ व उभी १६ घरे आणि अवघे तीन रंग एवढ्यावरच त्यांना सारा कारभार भागवणे प्राप्त होते. नाक आणि तोंड वेगळे दिसेनात, म्हणून मिशी आली. केस रेखाटणे दुर्घट, म्हणून टोपी आली. धावताना हात अंगाशी मिसळून जाऊ नयेत, म्हणून सदऱ्यावर निराळ्या रंगाची, खांद्यांवर पट्टे असलेली विजार चढली. प्रत्येक घरात तीन रंगांपैकी एक किंवा रिक्तता, अशा चार पर्यायांसाठी दोन बिट लागतात. २५६ घरांचा हिशेब अवघा ६४ बाइटांचा!

मॅकिन्टॉशची चिन्हे घडवणाऱ्या सुझन केअर यांनीही प्रारंभी चौकटींची वहीच वापरली, आणि तेथे प्रत्येक चिन्हास ३२ गुणिले ३२ घरांची मुभा होती. तशीच वही घेऊन एक चेहरा भरावा, मग भुवईचे एकच घर वर सरकवावे. क्षणापूर्वी चिंताक्रांत दिसणारा तो इवलासा मनुष्य विस्मयाने आपल्याकडे पाहू लागतो.