मुरघास शिकणाऱ्या उमेदवारांना भ्रमणध्वनीची साथ

झाशी येथील भारतीय कुरण व चारा संशोधन संस्था १९६२ पासून चारापिकांवर कार्यरत आहे. चारापिकांच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे समन्वयही तेथूनच होते. महाराष्ट्रातील राहुरी व उरुळी कांचन ही केंद्रे याच प्रकल्पाशी जोडलेली आहेत. अशा संस्थांमधील प्रशिक्षण काही दिवसांत संपते. उमेदवाराचे खरे शिक्षण मात्र तो गोठ्यावर काम करू लागल्यावर सुरू होते.

मुरघासाबाबत हे विशेष जाणवते. बंद केलेला खड्डा साधारण ४५ दिवसांनी उघडला जातो. भरणीतील चूक तेव्हाच उघड होते आणि तोवर चारा वाया गेलेला असतो. म्हणून मार्गदर्शकाचा सल्ला खड्डा झाकण्यापूर्वी मिळणे आवश्यक आहे. त्यासाठी संपर्काचे तीन टप्पे आधीच ठरवावेत.

१. कापणीपूर्वी : मक्याच्या दाण्याचे जवळून घेतलेले छायाचित्र पाठवावे. दाणा दुधाळ अवस्था ओलांडून पिठाळ होऊ लागला की कापणी योग्य ठरते. चाऱ्यातील ओलावा ६५ ते ७० टक्के असावा. कुट्टी मुठीत घट्ट दाबून मूठ उघडतानाची चित्रफीत पाठवावी. रस गळल्यास ओलावा जास्त, गोळा लगेच विस्कटल्यास कमी समजावा.

२. भरणी करताना : कुट्टीची लांबी व प्रत्येक थराची दाबणी दाखवावी. थरांत हवा राहिल्यास बुरशी वाढते.

३. खड्डा उघडताना : रंग, वास व बुरशी यांची नोंद पाठवावी. बुरशी लागलेला भाग जनावरांना देऊ नये. जनावर आजारी दिसल्यास संदेशाच्या उत्तराची वाट न पाहता पशुवैद्यकास बोलवावे.

छायाचित्रातून वास, ऊब आणि ओलावा कळत नाही. त्यामुळे मार्गदर्शकाने उत्तर देण्याआधी "हाताला काय जाणवले? तुमचा अंदाज काय?" असे विचारावे. तयार उत्तराने त्या दिवसाचे काम भागते. निरीक्षणाची सवय लागली तर पुढील हंगामात उमेदवार स्वतः निर्णय घेऊ शकतो.

समूहात अनुभवी पशुपालकांनाही सामावून घ्यावे. जेथे संपर्कजाल क्षीण आहे, तेथे चित्रफितीऐवजी ध्वनिसंदेश सोयीचा ठरतो. चूक सर्वांसमक्ष दाखवून खजील करू नये. एकदा ओशाळलेला उमेदवार पुढच्या वेळी न विचारताच खड्डा झाकतो. आणि पहिली भरणी मात्र शक्यतो मार्गदर्शकाने प्रत्यक्ष उभे राहूनच करवून घ्यावी.