घराचीही एक बैठक हवी



आम्ही विठ्ठलवाडीहून बोलतोय. मध्य रेल्वेवर कल्याण सुटलं की कर्जतच्या बाजूला पहिलं स्टेशन लागतं ते आमचं. पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. वस्तीतल्या बऱ्याच घरांचं गाव अजून मागे आहे, कुणाचं कोकणात, कुणाचं मराठवाड्यात. माणसं लोकलनं ठाण्या-मुंबईला कामाला जातात. आमच्यातल्या कित्येक जणी घरी बसून जीन्सचे धागे कापतात, कारण उल्हासनगरात जीन्स शिवण्याचा धंदा मोठा आहे. तुम्हाला पावसाची आणि कांद्याच्या भावाची धास्ती, आम्हाला कामाची. उद्याचं काही सांगता येत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

अशा दिवसांत घरातली माणसं एकमेकांपासून लांब कशी जातात, आणि रोजच्या साध्या गोष्टींतून पुन्हा जवळ कशी येतात, ते आज बोलू या.

२०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाली तेव्हा आमची वस्तीच थांबली. जूनमध्ये ती अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाली. २१ ऑक्टोबरपासून सगळ्या बायकांना परवानगी मिळाली, तीही सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. लशीचे दोन्ही डोस घेतलेल्या सर्वांना १५ ऑगस्ट २०२१ पासून प्रवास करता आला. तोवर कितीतरी कामं गेली होती, आणि काही नंतर गेली.

आमच्या गटातल्या एका ताईंचे यजमान छोट्या वर्कशॉपमध्ये होते. लोकल सुरू झाल्यावर ते कामावर गेले, पण काही महिन्यांनी वर्कशॉप बंद पडलं. त्यांनी घरी सांगितलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, दिवस बाहेर काढायचे आणि ठरल्या वेळेला परत यायचे. ताईंना कळायला फार दिवस लागले नाहीत. पास संपला होता आणि नवा काढलेला नव्हता. पण विचारलं तर त्यांना कमीपणा वाटेल म्हणून त्याही गप्प राहिल्या. गुपचूप धाग्याचं काम वाढवलं, कानातले गहाण टाकले. गटाचा हप्ता मात्र वेळेवर भरत होत्या, त्यामुळे आम्हालाही पत्ता लागला नाही. लेक सातवीत. तिला बाबांचंही माहीत होतं आणि आईचंही. शाळेची सहल निघाली तेव्हा तिनं घरी पैसे मागितलेच नाहीत. बाईंना सांगितलं, माझं पोट दुखतंय.

एक खोली, तीन माणसं, आणि तिघंही एकमेकांना जपायला म्हणून एकमेकांशी खोटं बोलत होती.

एका संध्याकाळी डबा तसाच भरलेला परत आला. बाबा म्हणाले, भूक नव्हती. लेक म्हणाली, "बाबा, उद्यापासून डबा घरीच खाऊ या ना." त्यानंतर त्या घरात कुणाला काही लपवायची गरज उरली नाही.

मैत्रिणींनो, असं का होतं? काळजी असली की माणूस ती एकट्यानं गिळतो. घरच्यांना त्रास नको, असं त्याला वाटतं. पण चेहरा लपत नाही. बायकोला वाटतं, आपल्यावर राग आहे. सासूबाईंना वाटतं, आपण ओझं झालो. मुलांना तर बहुतेक वेळा वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं. पैशाची ओढाताण सगळे मिळून सोसतात, पण अशा न बोललेल्या गोष्टींनी प्रत्येक जण एकटा पडतो.

त्या महिन्याच्या बैठकीत ताई हे सगळं बोलल्या तेव्हा आम्हाला आपलीच गंमत वाटली. गटात आपण पंचसूत्री पाळतो: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित नोंदी. १९९२ साली नाबार्डनं ५०० गट बँकेला जोडण्याचा प्रयोग सुरू केला. ज्या बायकांकडे तारण ठेवायला काही नव्हतं, त्यांच्यावर बँकांनी विश्वास टाकला तो याच सवयी बघून. गटात आपण दहा जणींसमोर पैसे मोजतो, आणि घरी तेच पैसे डाळीच्या डब्यात लपवतो! मग ही सूत्रं घरी का नेऊ नयेत?

आम्ही सुरुवात केली बैठकीपासून. वार आणि वेळ ठरलेली हवी. आमच्या बहुतेक जणींनी रविवार संध्याकाळ, चहानंतरची वीस मिनिटं ठरवली. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. सासूबाई आणि मुलंही बसतात. आधी हिशेब: या आठवड्यात काय आलं, काय गेलं, कुणाचं देणं आहे. मुलांना सगळे आकडे सांगायलाच हवेत असं नाही, पण जे सांगू ते खरं हवं. मग प्रत्येकानं दोन गोष्टी सांगायच्या, एक काळजीची आणि एक बरी वाटलेली. पुरुषमाणसं पहिल्याच दिवशी बोलत नाहीत. एका घरी दोन रविवार यजमान उठून बाहेर गेले. तिसऱ्या रविवारी बसले आणि एवढंच विचारलं, "आपल्याला सिलिंडर किती दिवस पुरतो?" त्या घराची बैठक त्या दिवशी सुरू झाली.

बचत पैशाची होते तशी वेळेचीही होते. दिवसातली दहा मिनिटं एकमेकांसाठी बाजूला काढायची. त्यासाठी वेगळं काही नको. शेंगा सोलताना, मेथी निवडताना मुलाला जवळ बसवा. समोरासमोर बसून 'बोल, काय झालं' म्हटलं की माणूस आखडतो. हात कामात असले की शब्द आपोआप येतात. आणि मुलगा असला म्हणून मेथी निवडायची नाही, असं कुठं लिहिलंय?

कर्ज आणि परतफेड मात्र आपण घरात विसरतो. बाईचे कानातले, मुलीची सहल, सासूबाईंचं लांबवलेलं डोळ्याचं ऑपरेशन, हे सगळं घरानं घेतलेलं कर्जच आहे. त्याला त्याग म्हटलं की ते कुणी परत करत नाही. म्हणून ते वहीत लिहा. त्या ताईंनी वहीत दोन ओळी लिहिल्या: कानातले, आणि लेकीची सहल. पुढे यजमानांना एका सोसायटीत वॉचमनचं काम मिळालं. पहिल्या पगारातून त्यांनी लेकीचं कर्ज फेडलं. तिघं लोकलनं दोन स्टेशनं गेली आणि अंबरनाथचं शिवमंदिर बघून आली. तिथं १०६० सालचा शिलालेख आहे, हे लेकीनंच त्यांना सांगितलं. घरून नेलेला डबा तिघांनी मिळून खाल्ला. कानातल्यांची ओळ अजून वहीत आहे. पण ती आता एकट्या ताईंची राहिलेली नाही.

आमच्या या भागाला असे दिवस नवे नाहीत. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं इथल्या लष्करी छावणीच्या बराकींत राहिली. ८ ऑगस्ट १९४९ ला त्या छावणीचं उल्हासनगर झालं. घरदार मागे सोडून आलेल्या त्या बायकांनी पापड लाटून संसार उभे करायला हातभार लावला. पापड एकटीनं लाटणं कंटाळ्याचं काम, म्हणून शेजारणी एकत्र बसतात. पैसे मिळतात आणि मनातलं बोलूनही होतं. बचत गटात आपण तरी दुसरं काय करतो?

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. जिथं मारहाण आहे, तिथं बैठक हा उपाय नाही. तिथं गटातल्या मैत्रिणीला सांगा, १८१ या महिला हेल्पलाइनला किंवा ११२ ला फोन करा. आणि घरात कुणी 'जगून काय करू' असं बोलू लागलं तर ते बोलणं हसण्यावारी नेऊ नका. १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे, फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो. हे तिन्ही नंबर आजच गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

येत्या रविवारी चहा झाला की सगळ्यांना बसवा. वही नसेल तर मुलाच्या जुन्या वहीची कोरी पानं चालतील. कुणी हसेल, कुणी उठून जाईल. पुढच्या रविवारी पुन्हा बसा. आणि काय झालं ते तुमच्या गटाच्या बैठकीत नक्की सांगा.