परक्या अंगणांतील विद्यार्थी

परगांवीं जाणें निराळें आणि परगांवचें होऊन राहणें निराळें. यात्रेकरू काशीस जातो, गंगेचा गडू घेऊन परत येतो. पण काशीची गल्ली त्याला परकीच राहते. ग्रंथवाचनाचेंही असेंच आहे. एखाद्या लोकांविषयीं चार पुस्तकें वाचलीं म्हणजे ते लोक आपणांस कळले, असा समज सुशिक्षित घरांत सहज होतो. वस्तुतः अपरिचित जगांत शिरावयाचें, तर जाणत्याचा पाट सोडून विद्यार्थ्याच्या जागीं बसावें लागतें. आणि शिकलेल्या माणसास हीच गोष्ट फार जड जाते. अध्ययन, सेवा आणि लेखन या तीन वाटांनीं ती ज्यांनीं साधली, अशा कांहीं मराठी माणसांचा परिचय येथें करून देण्याचें योजिलें आहे.

त्यांत पहिलें नांव धर्मानंद कोसंबी यांचें. गोव्यांतील सांखवाळ येथें १८७६ सालीं सारस्वत ब्राह्मण कुळांत त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण बेताचें. काम नारळीच्या बागांचें. अशा या तरुणाच्या हातीं ‘बालबोध’ मासिकांतील बुद्धचरित्र पडलें आणि या महापुरुषाचा धर्म मुळापासून समजून घ्यावा, असा ध्यास त्यांस लागला. १८९९ सालीं ते घराबाहेर पडले. प्रथम पुण्यास व नंतर काशीस त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें. काशींत अन्नछत्रांतील जेवणावर दिवस काढले. नेपाळ व बुद्धगया पाहून १९०२ सालीं ते सिंहलद्वीपास पोंचले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयांत सुमंगलाचार्यांपाशीं पाली शिकूं लागले. नुसत्या ग्रंथांवर त्यांचें समाधान होण्यासारखें नव्हतें. त्यांनीं दीक्षा घेतली, चीवर अंगावर घातलें, आणि पुढें ब्रह्मदेशांतही भिक्षूंच्या सहवासांत राहून तो धर्म जवळून पाहिला.

परत आल्यावर कलकत्त्यास ते पाली शिकवीत असतां सयाजीराव गायकवाड महाराजांनीं दरमहा ५० रुपयांचें साह्य देऊं केलें. कलकत्त्यास याहून पुष्कळ अधिक मिळण्याजोगें होतें. तथापि महाराष्ट्रांत राहून बौद्ध वाङ्मय आपल्या लोकांपर्यंत नेतां येईल, म्हणून त्यांनीं तें थोडकें साह्यच पत्करलें. १९१० सालीं ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संशोधनासाठीं त्यांस अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचें बोलावणें आलें. १९१२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजांत पाली शिकवूं लागले. ज्या पुण्यांत एके काळीं ते संस्कृत शिकावयास आले होते, त्याच पुण्यांत आतां ते एक हरवलेली विद्या परत घेऊन आले होते.

परंतु कुटुंबवत्सल वाचकांनीं या चरित्राची दुसरी बाजूही विसरूं नये. धर्मानंद निघाले तेव्हां घरीं त्यांच्या पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी होती. पति देशोदेशीं हिंडत असतां मधलीं वर्षें त्या माउलीनें कशीं काढलीं असतील, याची कल्पना आपल्या घरांतील कोणत्याही वडील स्त्रीस करतां येईल. धर्मानंदांच्या नांवावर जें ज्ञान जमा झालें, त्याचा कांहीं खर्च घरच्या माणसांनीं सोसलेला आहे. त्यागाची स्तुति करतांना हा हिशेब झांकून ठेवणें योग्य नव्हे.

अध्ययनासाठीं धर्मानंदांस समुद्र ओलांडावा लागला. सेवेसाठीं मात्र इतकें दूर जावें लागत नाहीं. मुंबईच्या उत्तरेस डहाणूच्या बाजूला बोर्डी गांव आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं तेथें बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें आणि अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा, स्वतःच्या जिद्दीवर शिकून शिक्षिका झालेल्या. १९५७ सालीं हें कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तींत गेलें. शाळा काढली तरी मुलें येईनात. कारण कोणी धाकट्या भावंडास सांभाळी, तर कोणी गुरें राखी. येथें आईबापांस अडाणी म्हणून दोष देणें सोपें होतें. या दोघींनीं तसें न करतां शाळाच मुलांकडे नेली. घरच्या अंगणांत भरली ती अंगणवाडी आणि गुरें चरतात तेथें भरली ती कुरणशाळा. माँटेसरी पद्धतीचीं महाग साधनें बाजूस राहिलीं. शिंपले, बिया, पानें आणि खडे यांवर मुलें मोजावयास शिकलीं. मोठ्या शिक्षणपंडितांना जें सुचलें नाहीं, तें या अंगणानें त्यांस शिकविलें.

याच भागांतील वारल्यांमध्यें गोदावरी परुळेकर गेल्या, त्या वेठबिगारीविरुद्ध झगडण्यासाठीं. पुण्याकडे शिकलेल्या, कायद्याच्या पदवीधर अशा या बाई. लग्नासाठीं घेतलेल्या कर्जापायीं सावकाराच्या घरीं राबणारा ‘लग्नगडी’ त्यांनीं तेथें पाहिला. त्या झोपड्यांतून राहिल्या, तेथील अन्न खाल्लें, त्यांची बोली कानांत सांठविली. १९४५ च्या लढ्याची ही हकीकत त्यांनीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकांत १९७० सालीं प्रसिद्ध केली. १९७२ सालीं त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. त्यांच्या राजकीय मतांशीं सर्वांचें जुळेलच असें नाहीं; पण आधीं पंचवीस वर्षें त्या लोकांत वावरावें आणि मग लेखणी उचलावी, हा क्रम प्रत्येक लेखकानें लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

आपणां गृहस्थांस घरदार सोडून जाणें शक्य नाहीं, व सर्वांनीं तें करावें असेंही नाहीं. पण दुसऱ्याच्या दारीं शिष्यभावानें उभें राहण्यास घर आड येत नाहीं. शेजारच्या कानडी कुटुंबाची भाषा शिकावी. घरीं कामास येणाऱ्या बाईस तिच्या गांवची हकीकत विचारावी आणि मध्यें न बोलतां ऐकावी. आणि घरांतील एखाद्या मुलास, मुलीस अगर सुनेस अशा वाटेनें पुढें जाण्याची ओढ लागली, तर वडील मंडळींनीं तिला खूळ न म्हणतां, मागें राहणाऱ्या माणसांचा भार सर्वांनीं मिळून उचलावा. एकत्र कुटुंबाचें बळ अशाच वेळीं कामास यावयाचें.