माती, गोठा आणि नवी प्रतिजैविके

शेतकऱ्याच्या घरी माणसे व जनावरे यांचे जीवन एकमेकांशी निगडित असते. ज्या हातांनी गायीची धार काढली जाते, त्याच हातांनी मुलांना भाकरी वाढली जाते. कोंबड्या अंगणात चरतात आणि गोठ्यातील शेण शेतात जाते. यास्तव एखादा रोगजंतू गोठ्यात बलवान झाला, तर तो घराच्या उंबरठ्याबाहेर थांबत नाही. गायीची कास सुजविणारा स्टॅफिलोकोकस जंतू माणसास गळवे आणतो. वासरांना हगवण लावणारे ई. कोलाय व साल्मोनेला या जातींचे जंतू माणसाच्याही पोटात शिरतात. पशुवैद्यक व डॉक्टर हे दोघे अनेकदा एकाच शत्रूशी, एकाच प्रकारच्या औषधांनी लढत असतात. ही औषधे म्हणजेच प्रतिजैविके होत. त्यांची शक्ती आज क्षीण होत आहे. औषधांस न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

मातीने दिलेले औषध

बहुतेक प्रतिजैविकांचे मूळ मातीत आहे. मूठभर मातीत कोट्यवधी सूक्ष्म जीव अन्नासाठी झगडत असतात आणि त्यांपैकी काही जीव प्रतिस्पर्ध्यास मारणारी द्रव्ये तयार करतात. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात रटगर्स विद्यापीठाच्या कृषी संशोधन केंद्रात १९४३ मध्ये अल्बर्ट शाट्झ व त्यांचे गुरू सेल्मन वाक्समन यांना स्ट्रेप्टोमायसिन हे औषध गवसले. ते निर्माण करणाऱ्या जंतूचा एक वाण भरपूर शेणखत घातलेल्या शेतातील मातीत मिळाला होता, तर दुसरा एका कोंबडीच्या घशात. क्षयरोगावरील हे पहिले परिणामकारक प्रतिजैविक होय. भारतातही पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान ॲन्टिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले.

तथापि प्रत्येक नव्या औषधामागोमाग त्यास न जुमानणारे जंतूही पुढे आले. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मधील आपल्या नोबेल व्याख्यानात हा इशारा दिला होता. औषधाची मात्रा अपुरी पडली, तर दुर्बळ जंतू मरतात, चिवट जंतू उरतात, आणि पुढे त्यांचीच वीण वाढते. शेतात एकच कीटकनाशक वर्षानुवर्षे फवारल्यावर कीड त्यास दाद देईनाशी होते, हा शेतकऱ्याचा अनुभव याच जातीचा आहे.

कोलिस्टिनचा धडा

कोलिस्टिन या औषधाची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. १९५० च्या सुमारास जपानमध्ये मातीतील एका जंतूपासून ते मिळाले. मूत्रपिंडास अपाय होतो म्हणून डॉक्टरांनी पुढे ते बाजूस ठेवले. परंतु इतर औषधे निकामी ठरू लागल्यावर अत्यवस्थ रुग्णांसाठी शेवटचा उपाय म्हणून त्यास पुन्हा हाती धरावे लागले. दरम्यान अनेक देशांत हेच औषध डुकरे व कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून त्यांच्या खाद्यात मिसळले जात होते.

२०१५ च्या नोव्हेंबरात चीनमधील शास्त्रज्ञांनी एक धक्कादायक शोध प्रसिद्ध केला. डुकरांतील, बाजारातील मांसातील व इस्पितळांतील रुग्णांच्या ई. कोलाय जंतूंत त्यांना एमसीआर-१ हा जनुक आढळला. कोलिस्टिन जंतूच्या बाहेरील आवरणास चिकटून ते फोडते; हा जनुक त्या आवरणाची घडण बदलतो व औषधास चिकटण्यास जागा ठेवत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की हा जनुक प्लाझ्मिड नावाच्या सुट्या वर्तुळाकार धाग्यावर असतो. एका शेतकऱ्याने आपले बियाणे शेजाऱ्यास द्यावे, तद्वत एक जंतू हा धागा दुसऱ्या जंतूस, अगदी दुसऱ्या जातीच्या जंतूसही देऊ शकतो.

चीनने २०१७ पासून वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालण्यास बंदी केली. त्याचे फळ लवकरच दिसून आले. पाहणीत डुकरांमधील कोलिस्टिनला न जुमानणाऱ्या ई. कोलाय जंतूंचे प्रमाण सुमारे ३४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांपर्यंत उतरले आणि माणसांतही हा जनुक असलेले जंतू पूर्वीपेक्षा कमी आढळू लागले. भारत सरकारनेही जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांकरिता, मत्स्यशेतीकरिता व पशुखाद्याकरिता कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वाटप यांस मनाई केली.

नव्या औषधाचा शोध

नवी औषधे शोधण्याचे प्रयत्न थांबलेले नाहीत. मातीतील बहुसंख्य जंतू प्रयोगशाळेच्या बशीत वाढत नाहीत, ही शास्त्रज्ञांची जुनी अडचण होती. त्यावर अमेरिकेत एक युक्ती योजण्यात आली. बारीक छिद्रांच्या पट्टीत एकेक जंतू ठेवून, दोन्ही बाजूंस पातळ पडदा लावून, ती पट्टी पुन्हा मातीतच पुरण्यात आली. आपल्या घरच्या मातीत ते जंतू वाढले. या मार्गाने मेन राज्यातील मातीतून मिळालेले टेक्सोबॅक्टिन हे प्रतिजैविक २०१५ मध्ये जाहीर झाले. परंतु ई. कोलायसारख्या दुहेरी आवरणाच्या जंतूंपुढे त्याचे फारसे चालत नाही.

अशा जंतूंवरील एक नवे द्रव्य अनपेक्षित ठिकाणी सापडले. उसातील हुमणीच्या बंदोबस्तासाठी उपयोगी पडणारे सूत्रकृमी अनेक शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. हे कृमी अळीच्या शरीरात शिरून आपल्या आतड्यातील फोटोऱ्हॅब्डस नावाचे जंतू तेथे सोडतात. ते जंतू अळीस मारतात व तिचे कलेवर इतर जंतूंनी बळकावू नये म्हणून मारक द्रव्ये सोडतात. याच कुळातील जंतूंपासून मिळालेले डॅरोबॅक्टिन हे द्रव्य २०१९ मध्ये जाहीर झाले. ई. कोलायचे बाहेरील आवरण रचणाऱ्या प्रथिनावर ते घाव घालते.

तथापि प्रयोगशाळेतील द्रव्य म्हणजे दुकानातील औषध नव्हे. ते शरीरास निर्धोक आहे काय, योग्य मात्रा कोणती, हे ठरविता ठरविता बहुधा दहा ते पंधरा वर्षे जातात व बहुतेक द्रव्ये वाटेतच गळतात. शिवाय नवे प्रतिजैविक राखून वापरावे लागत असल्याने त्याचा खप थोडा होतो. प्लाझोमायसिन हे नवे औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, पण ते तयार करणाऱ्या अकाओजेन या कंपनीचे पुढील वर्षीच दिवाळे वाजले. सारांश, नवी औषधे थोडी व सावकाश येणार. हाती आहेत ती टिकविणे, हेच शहाणपणाचे होय. हे काम प्रयोगशाळेपेक्षा गोठ्यात व कोंबड्यांच्या खुराड्यातच अधिक व्हावयाचे आहे.

शेतकरी बंधुभगिनींनी काय करावे

१. पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून प्रतिजैविक देऊ नये. उरलेले औषध दुसऱ्या जनावरास देऊ नये, तसेच माणसांची औषधे जनावरांस देऊ नयेत.

२. ठरविलेली मात्रा ठरविलेले दिवस पूर्ण द्यावी. जनावर उठून चरू लागले म्हणून औषध मध्येच थांबवू नये.

३. लाळ्या खुरकूत, लम्पी, कोंबड्यांची मानमोडी हे रोग विषाणूंमुळे होतात. विषाणूंवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. उपलब्ध लसी वेळेवर टोचून घ्याव्यात.

४. कासदाहात शक्य तेथे दुधाची तपासणी करून कोणते औषध लागू पडेल ते आधी जाणून घ्यावे. धारेपूर्वी व धारेनंतर सड स्वच्छ करावेत आणि आजारी गाय शेवटी पिळावी. कोरफड, हळद व चुना यांच्या लेपाचा प्रसार राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने चालविला आहे. त्याविषयीही पशुवैद्यकास विचारावे.

५. औषध चालू असताना व त्यानंतर वेष्टनावर सांगितलेल्या मुदतीपर्यंत दूध, अंडी वा मांस विकू नये आणि घरीही वापरू नये.

६. वाढीसाठी प्रतिजैविक घातलेले खाद्य घेऊ नये. कोरडी गादी, खेळती हवा, स्वच्छ पाणी व पुरेशी जागा यांनी पक्षी निरोगी राहतात.

७. शेणखत व कोंबडखत पूर्ण कुजवूनच शेतात घालावे. चांगल्या तापलेल्या ढिगात पुष्कळसे रोगजंतू नष्ट होतात. गोठ्यातील कामानंतर साबणाने हात धुवावेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व पशुसखींनी या गोष्टी गावसभेत, दूध संकलन केंद्रावर व बचत गटांत समजावून सांगाव्यात. औषधांच्या नोंदीसाठी प्रत्येक गोठ्यात एक वही ठेवण्याचा आग्रह धरावा. तीत जनावर, रोग, औषध, तारीख व दूध वर्ज्य ठेवण्याची मुदत लिहावी. पशुवैद्यकास पुढील उपचार ठरविताना अशा वहीची फार मदत होते.

पाणी जपून वापरणाऱ्याची विहीर उन्हाळ्यातही कामास येते. प्रतिजैविकांचेही तसेच आहे. आज गोठ्यात विनाकारण दिलेली एक सुई वाचली, तर उद्या त्याच घरातील तापाने फणफणलेल्या लेकरास लागणारे औषध गुणकारी राहण्यास हातभार लागेल.