जॅममधली साखर गोडीसाठी नसते

मागच्या भागात लोणच्यातल्या मिठाबद्दल बोललो, तेव्हा अनेकांनी विचारलं की जॅम आणि मुरंब्याचं काय? त्यातली साखर कमी करता येते का? आजचा भाग त्या एकाच प्रश्नावर आहे, कारण याच प्रश्नात मी स्वतः सपशेल आपटलो आहे. आधी ती गोष्ट सांगतो, मग गणित.

जयपुरात जानेवारी म्हणजे पेरूचा महिना. सवाई माधोपूरचे पेरू गाड्या भरभरून मुहाना मंडीत येतात. दोन वर्षांपूर्वी मी त्यातले पाच किलो घेऊन आलो आणि जॅम करायला बसलो. पुस्तकात लिहिलं होतं, जेवढा गर तेवढी साखर. आमच्या सौभाग्यवतींना मधुमेह. मी म्हटलं, एवढी साखर कशाला? पाच किलो गराला दोनच किलो घालू. केलं तसं. रंग सुरेख आला, गर दाट झाला, अर्ध्या अर्ध्या किलोच्या अकरा बरण्या भरल्या. तीन घरी ठेवल्या आणि आठ मोठ्या अभिमानानं शेजारीपाजारी वाटल्या. वर प्रत्येकाला सांगितलं, 'वर्षभर टिकेल!'

फेब्रुवारीच्या शेवटी घरातली दुसरी बरणी उघडली तर वर हिरवट बुरशीचा थर. तिसरीचं झाकण उघडताना फस्स झालं आणि आंबूस वास आला. तिथंच माझ्या पोटात गोळा आला. घरच्या तीन बरण्यांचं दुःख नव्हतं. उरलेल्या आठ बरण्या ज्या घरांत गेल्या होत्या, त्यांतल्या चार घरांत लहान मुलं होती. त्या संध्याकाळी पिशवी घेऊन दारोदार फिरलो आणि आपल्या हातानं दिलेली वस्तू परत मागितली. एका घरात तर वरची बुरशी चमच्यानं काढून खालचा जॅम मुलांच्या पोळीला लावणं चालू होतं. कुणाला काही झालं नाही, हे नशीब. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून मी हा विषय नीट शिकायला घेतला.

साखरेचं खरं काम

फळ नासतं ते त्यात वाढणाऱ्या जीवांमुळे: जिवाणू, यीस्ट आणि बुरशी. या सगळ्यांना जगायला पाणी लागतं. साखर हे पाणी बांधून ठेवते. पाणी बरणीत असतं, पण जीवांच्या हाती लागत नाही. उलट दाट साखर त्यांच्याच पेशीतलं पाणी ओढून घेते. लोणच्यात मीठ जे काम करतं, तेच इथं साखर करते.

पण त्यासाठी साखर पुरेशी दाट हवी. तयार जॅममध्ये विरघळलेला घन भाग, म्हणजे मुख्यतः साखर, निदान 65 टक्के असावा लागतो. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांतही जॅमसाठी हाच किमान आकडा आहे. त्याच्या वर जिवाणू वाढू शकत नाहीत. काही चिवट बुरश्या मात्र तिथंही तग धरतात, म्हणून उकळणं आणि स्वच्छ बरणी यांना पर्याय नाही.

आता माझ्या जॅमचा हिशेब करू. पेरूच्या गरात स्वतःची साखर वगैरे धरून साधारण 10 टक्के घन भाग असतो. पाच किलो गरात झाला अर्धा किलो. त्यात मी दोन किलो साखर घातली. एकूण अडीच किलो. तयार जॅम भरला साडेपाच किलो. अडीच भागिले साडेपाच, म्हणजे सुमारे 45 टक्के. हवे होते 65. पेरूचा गर मुळातच दाट असतो, त्यामुळे डोळ्यांना तो जॅम दिसला. बुरशीला मात्र ती मेजवानी होती.

कमी साखरेचा चकवा

तुम्ही म्हणाल, मग आणखी आटवायचं होतं. बरोबर. 65 टक्क्यांपर्यंत आटवला असता तर तो जॅम साडेपाच किलो न राहता जेमतेम 3 किलो 850 ग्रॅम उरला असता. आता नीट लक्ष द्या. त्या जॅमच्या एका चमच्यात साखर किती असती? तेवढीच, 65 टक्के! म्हणजे साखर कमी घालून टिकाऊ जॅम केला, तर गोडी कमी होत नाही, फक्त जॅम कमी होतो. मधुमेही माणसाच्या दृष्टीनं काहीच बदलत नाही. हा साधा हिशेब मला आधी कुणी सांगितला असता तर आठ घरांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या नसत्या.

मग कमी साखरेचा जॅम करूच नये का? जरूर करा. पण तो 'टिकाऊ पदार्थ' या खात्यात धरू नका. थोडाच करा, फ्रीजमध्ये ठेवा, तीन आठवड्यांत संपवा. जास्त झाला तर छोट्या डब्यांत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. तिथं टिकवण्याचं काम थंडी करते.

घट्टपणा कुठून येतो

जॅम घट्ट होतो तो पेक्टिनमुळे. फळाच्या पेशींच्या भिंतींत असलेला हा लांब साखळीसारखा पदार्थ. उकळल्यावर तो रसात उतरतो. आंबटपणा असला की या साखळ्या एकमेकींच्या जवळ येऊ शकतात, आणि साखरेनं पाणी बांधलं की त्यांची जाळी तयार होते. पेक्टिन, आम्ल आणि साखर या तिघांपैकी एक जरी गैरहजर असला तरी जॅम पातळ राहतो.

पेरू, कैरी, करवंद आणि लिंबू-संत्र्याची साल यांत पेक्टिन भरपूर. स्ट्रॉबेरी, द्राक्ष, अननस आणि पिकलेला आंबा यांत कमी. फळ जितकं पिकतं तितकं पेक्टिन घटतं, म्हणून जॅमला सगळी फळं मऊ झालेली घेऊ नका. चारात एक तरी करकरीत असू द्या. पेरू आणि पपई आंबट नसतात, त्यांना किलोमागे दोन लिंबांचा रस घाला. लिंबाचा आणखी एक फायदा: आम्लामुळे साखरेचा काही भाग फुटून वेगळ्या साखरा तयार होतात आणि बरणीच्या तळाशी खडे जमत नाहीत.

पेक्टिन तपासायची एक युक्ती आहे. चमचाभर शिजलेला, गार रस आणि दोन-तीन चमचे स्पिरिट एका वाटीत हलवा. एकसंध गोळा झाला तर पेक्टिन भरपूर, नुसते तुकडे झाले तर कमी. मिश्रण लगेच फेकून द्या, चाखू नका. आमच्या फौजी मित्रांनी विचारलंच, रम चालेल का? नाही चालणार. तिच्यात पाणी फार. ती तिच्या जागीच ठीक आहे.

झाला हे कसं ओळखावं

पुस्तकांत लिहिलेलं असतं, जॅम 105 अंशांवर उतरवा. हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. उंचावर पाणी लवकर उकळतं, साधारण दर 300 मीटरला एक अंश कमी. जयपूर सुमारे 430 मीटरवर आहे, इथं पाणी साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. लेह 3,500 मीटरवर, तिथं 88 च्या आसपास. लेहमध्ये जर्दाळूचा जॅम कुणी 105 अंशांपर्यंत नेला तर कढईत चिक्की होईल! म्हणून आकडा पाठ करू नका, नियम पाठ करा: आपल्या गावात साधं पाणी जिथं उकळतं, त्याच्या साडेचार ते पाच अंश वर. जयपुरात साधारण 103 ते साडेतीन, मुंबईत 105.

थर्मामीटर नसेल तर वजनकाटा घ्या. एक किलो पेरूचा गर आणि एक किलो साखर. घन भाग 1,100 ग्रॅम. त्याला 0.65 नं भागा, उत्तर आलं सुमारे 1,700. म्हणजे दोन किलोचं मिश्रण 1,700 ग्रॅमवर आलं की उतरवायचं. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा, एवढंच. हौस असेल तर छोटा रिफ्रॅक्टोमीटर घ्या. नाशिक-सांगलीचे द्राक्ष बागायतदार द्राक्षाची गोडी मोजायला तोच वापरतात.

आणि यातलं काहीच नसेल तर गार बशीवर थेंब टाका. मिनिटभरानं बोटानं ढकला. वर सुरकुती पडली तर झाला. आपल्या आज्या साखरांब्याला एकतारी पाक बघत, तेही याच टप्प्याचं माप. आम्ही ज्याला अंश म्हणतो, त्याला त्या तार म्हणत.

आवळ्याची गोष्ट वेगळी

हिवाळ्यात इथं आवळाही उत्तम मिळतो. मोरावळा करताना अनेकांची तक्रार असते की आवळे सुकून सुरकुततात. कारण घाई. आवळा एकदम दाट पाकात टाकला की पाक त्याच्यातलं पाणी झपाट्यानं ओढतो, पण साखर तितक्या वेगानं आत शिरू शकत नाही. म्हणून आवळ्यांना टोचे मारा, चुन्याच्या निवळीत काही तास ठेवा (चुन्यातलं कॅल्शियम पेक्टिनला बांधून आवळा अख्खा राखतं), स्वच्छ धुवा, वाफवा. मग पातळ पाकात, साधारण 40 टक्क्यांच्या, एक दिवस बुडवा. दुसऱ्या दिवशी आवळे काढून पाक थोडा आटवा, पुन्हा आवळे घाला. असं चार-पाच दिवस, शेवटी पाक 68-70 टक्क्यांवर येईपर्यंत. त्याहून दाट केलात तर साखर खाली बसेल. मुरणं या शब्दातच सबुरी आहे.

भरताना

भांडं स्टीलचं आणि पसरट घ्या. कल्हई नसलेलं पितळ आणि अॅल्युमिनियम आंबट फळाला वर्ज्य. एका वेळी दोन किलोपेक्षा जास्त गर नको, आटायला वेळ लागतो आणि रंग काळवंडतो. साखर फळ मऊ शिजल्यावरच घाला, आधी घातली तर फोडी कडक होतात. काचेच्या बरण्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, कोरड्या करा, जॅम कढत असतानाच भरा आणि घट्ट झाकण लगेच लावा. अर्धवट कोमट असताना झाकण लावू नका. वाफेचे थेंब वरच्या थरावर पडतात, तिथली साखर पातळ होते आणि बुरशीला दार उघडतं. जयपूरचा जून कोरडा, पण जुलैत हवा दमट होते. उघडी राहिलेली बरणी ओल शोषते. कोरडा चमचा हा नियम घरात सगळ्यांना लागू.

आणि बुरशी दिसली तर? पूर्ण बरणी टाका. बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात, आणि काही बुरश्या तयार करतात ती विषं उकळूनही जात नाहीत. वरचं खरवडून खाणं ही काटकसर नव्हे.

फौजेचं आणि या विषयाचं नातं जुनं आहे. सैन्याला टिकाऊ अन्न मिळावं ही फ्रान्सच्या सरकारची गरज होती. निकोला आपेर या हलवायानं बाटल्यांत अन्न भरून, बूच घट्ट लावून, त्या उकळण्याची रीत सिद्ध केली. 1810 मध्ये त्याला 12,000 फ्रँक मिळाले. हे का घडतं ते त्याला माहीत नव्हतं. ते पाश्चरनं अर्ध्या शतकानंतर उलगडलं. पण आपेरनं रीत मात्र काटेकोर पाळली. मी उलट केलं होतं. कारण माहीत नसताना रीत मोडली.

यंदा जानेवारीत पुन्हा पाच किलो पेरू आणले, पाच किलो साखर घातली, वजन करून उतरवला. त्याच आठ घरांत पुन्हा बरण्या दिल्या. या वेळी प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवली: तारीख, साखरेची टक्केवारी, आणि 'उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा'. आमच्या सौभाग्यवतींसाठी बिनसाखरेच्या शिजवलेल्या पेरूच्या दोन वाट्या फ्रीझरमध्ये वेगळ्या ठेवल्या. सगळ्यांनी बरण्या घेतल्या. एका घरच्या आजींनी मात्र बरणी उजेडाकडे धरून नीट पाहिली आणि मगच आत नेली. मला राग आला नाही. त्यांचं बरोबरच होतं.

पुढच्या भागात संत्र्याच्या सालीचा मुरंबा. झालावाडची संत्री आपल्या नागपुरीच जातीची आहेत, तेव्हा विषय घरचाच. तोपर्यंत, नमस्कार.