दोन छायाचित्रें, एक दांपत्य

दिवंगत मातापितरांचें किंवा आजीआजोबांचें एकत्र चित्र घरांत असावें, ही इच्छा पुष्कळ कुटुंबांत दिसून येते. मागील पिढ्यांत पतिपत्नींनीं शेजारीं बसून छायाचित्र काढवून घेण्याचे प्रसंग थोडे. त्यामुळें आजोबांचें छायाचित्र एकीकडे, आजींचें दुसरीकडे. आणि कित्येकदां दोहोंमध्यें वीस-पंचवीस वर्षांचें अंतर! अशीं दोन छायाचित्रें चित्रकाराच्या हातीं देऊन ‘यांतून एक चित्र करून द्या’ अशी मागणी होते. ती दिसते तितकी सोपी नाहीं. तींत कलेइतकाच सत्याचाही प्रश्न गुंतलेला आहे. म्हणून पेस्टलच्या, म्हणजे रंगीत कांड्यांच्या, व्यक्तिचित्रासंबंधानें चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम माध्यमाविषयीं. रंगद्रव्याची पूड अत्यल्प डिंकांत मळून ज्या कांड्या वळतात, त्याच पेस्टलच्या कांड्या. त्यांत तेल नसल्यामुळें तैलचित्राप्रमाणें तेलाचा पिवळेपणा चित्रावर चढत नाहीं. आणि त्वचेची मृदु कांति या रंगांत फार सुंदर उतरते. अठराव्या शतकांत व्हेनिसची रोझाल्बा कार्येरा व फ्रान्सचा ला तूर यांनीं या कांड्यांच्या बळावरच कीर्ति मिळविली. आपल्या रसिकांसही ही कल्पना परकी वाटूं नये. मेघदूतांतील यक्ष शिळेवर धातुरागानें, म्हणजे गेरूसारख्या खनिज रंगानें, प्रियेचें चित्र काढतो आणि तिच्या चरणांशीं स्वतःला रेखाटूं पाहतो; परंतु अश्रूंनीं त्याची दृष्टि झांकून जाते. कोरड्या रंगाचें, अपुरें राहिलेलें तें दांपत्यचित्रच नव्हे काय?

यक्षाला आधार स्मृतीचा होता; आजच्या चित्रकाराला छायाचित्राचा आहे. छायाचित्र खोटें बोलत नाहीं असा सर्वसाधारण समज आहे. तें खोटें बोलत नसेल, पण अर्धेंच बोलतें. जुन्या कांचांवरील रासायनिक लेपाला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, निळा मात्र फिका उमटे. म्हणून अशा छायाचित्रांत कपाळींचें कुंकूं काळ्या ठिपक्यासारखें दिसतें, ओंठ अकारण काळवंडतात, आणि गोरी मुद्राही सांवळी भासते. लुगड्याचा रंग त्यावरून ठरवूं नये. घरांतील वडीलधाऱ्यांस विचारावा, जुनें वस्त्र ट्रंकेंत असल्यास तें मागून पाहावें. कधीं ठसाच उलटा छापलेला असतो. नथ डाव्या नाकपुडींत असावयाची व पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर यावयाची. याच्या उलट दिसल्यास चित्र उलटें आहे असें समजावें. कॅमेरा फार जवळ धरल्यास नाक मोठें व कान मागें गेलेले दिसतात. मोबाइलवर स्वतःच स्वतःचें घेतलेल्या छायाचित्रांत हा दोष विशेष आढळतो.

यानंतर दोन मुद्रा एका जागीं आणावयाच्या. केसांच्या कडेपासून हनुवटीपर्यंतचें माप घेऊन दोन्हीं मस्तकें एका प्रमाणावर आणावीं. उभयतांच्या उंचींतील फरक मात्र छायाचित्र सांगत नाहीं, तो आप्तांनींच सांगावयाचा. प्रकाशाचें काम याहून अवघड आहे. एकावर उजेड डावीकडून, दुसऱ्यावर उजवीकडून असेल, तर एक छायाचित्र उलटें धरून काम भागविण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण कोणाचाही चेहरा दोन्हीं बाजूंनीं सारखा नसतो, आणि उलटा केलेला भांग किंवा तीळ घरच्या माणसांस तत्काळ खटकतो. एका मुद्रेवरील छाया नव्यानें, विचारपूर्वकच योजाव्या लागतात. एक प्रकाश दोघांवर पडला, म्हणजेच तीं दोघें एका घरांतलीं वाटूं लागतात.

परंतु वयाचें काय? आमच्या परिचयाच्या एका घरीं असाच पेंच पडला होता. वडिलांचें छायाचित्र साठीनंतरचें. आई सव्विसाव्या वर्षींच निवर्तलेली. दोन्हीं मुद्रा जशाच्या तशा शेजारीं मांडल्या तर पितापुत्री वाटत. थोरल्या चिरंजीवांनीं सुचविलें कीं, आईचे केस पिकवावे, मुद्रेवर चार सुरकुत्या घालाव्या. तेव्हां त्यांची वृद्ध भगिनी म्हणाली, “दादा, आईचें म्हातारपण तुम्हींही पाहिलें नाहीं, मींही नाहीं. तें रंगविलें तर ती दुसऱ्याच कोणाची तरी आई होईल.” या एका वाक्यानें निकाल लागला. शोध करतां वडिलांच्या कचेरींतील एका सामुदायिक छायाचित्रांत त्यांची तिशींतील मुद्रा सांपडली. ती नखाएवढी होती. परंतु डोळ्यांमधील अंतर, भुवयांची ठेवण व कपाळाची घडण उत्तरवयांतील मोठ्या छायाचित्रावरून ताडून घेतां आली. वडील तरुण झाले, पण पुराव्यानिशीं. आई जशी होती तशीच राहिली.

आमच्या मतें नियम हाच असावा. जें कोणीं पाहिलें आहे तें रंगवावें. जें कोणींच पाहिलें नाहीं तें प्रेमापोटींही निर्माण करूं नये. यशोधरानें जयमंगला टीकेंत चित्राचीं सहा अंगें सांगितलीं आहेत. त्यांत भाव व लावण्ययोजन आहेत, तसेंच सादृश्यही आहे. पहिल्या दोहोंसाठीं तिसऱ्याचा बळी देतां येत नाहीं. पुरावा न मिळाल्यास दोन स्वतंत्र चित्रें एकाच प्रकाशांत काढून शेजारीं लावावीं. दृष्टि अधू झाल्यामुळें वृद्धपणीं पेस्टलकडे वळलेल्या शार्दां या फ्रेंच चित्रकारानें 1775 मध्यें स्वतःचें व पत्नीचें अशीं दोन वेगळीं चित्रें काढलीं. तीं पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहेत. चौकटी दोन असल्या म्हणून दांपत्य तुटत नाहीं.

प्रत्यक्ष काम करूं इच्छिणाऱ्यांसाठीं थोडें. कागद खरखरीत व मध्यम छटेचा, करडा किंवा तपकिरी घ्यावा, म्हणजे उजेड व सावली दोन्हीं त्यावर उठून दिसतात. कोळशानें हलकें रेखाटन करून गडद छटेकडून उजळ छटेकडे व कठीण कांडीकडून मऊ कांडीकडे जावें. बोटानें फार घासूं नये. रंगाचें तेज मरतें. फळा उभा ठेवावा, म्हणजे धूळ खालीं झडते. ती फुंकूं नये, कारण कांहीं रंगद्रव्यें विषारी असतात. पेस्टल कधींच तैलरंगाप्रमाणें वाळून घट्ट होत नाहीं. म्हणून चित्र कांचेखालीं, परंतु कांचेस न टेकेल असें मढवावें; प्लास्टिकची कांच विद्युद्भारानें रंगाची पूड ओढून घेते. कोंकणपट्टींतील पावसाळ्यांत ओलसर भिंतीवर तें टांगूं नये. कागदास बुरशी लागते.

शेवटीं कुटुंबांस एकच विनंति. चित्रकाराला केवळ छायाचित्रें देऊन मोकळें होऊं नये. आई हंसतांना मान कोणत्या बाजूस कलवीत असे, वडील चष्म्यावरून कसे पाहत, हें सांगणारीं माणसें हयात आहेत तोंवरच त्यांना चित्रासमोर बसवावें. छायाचित्र पुढेंही राहील. हें सांगणारें कोणी राहीलच असें नाहीं.